प्रवाह ओळखावा, मग मोजावा : काल आणि मिती यांनुसार पाण्याच्या प्रवाहांचे वर्गीकरण

जुलै २०२३ मध्ये दिल्लीतील जुन्या रेल्वे पुलापाशी यमुनेने २०८.६६ मीटर पातळी गाठली. १९७८ सालचा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला आणि नदीच्या खादर पट्ट्यातील भाजीपाल्याची शेते पाण्याखाली गेली. त्या पुराच्या वेळी हरियाणातील हथिनीकुंड बंधाऱ्यावरून सोडलेला सर्वाधिक विसर्ग सुमारे ३.५९ लाख क्युसेक होता. चार वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१९ मध्ये, याच बंधाऱ्यावरून ८ लाख क्युसेकहून अधिक विसर्ग झाला होता. तरीही दिल्लीतील पातळी २०७ मीटरच्या आतच राहिली. निम्म्याहूनही कमी विसर्ग आणि पातळी मात्र दोन मीटरने अधिक, हे कसे घडले?

नदीपात्रात साठलेला गाळ, पूरमैदानावरील भराव आणि आयटीओ बंधाऱ्याची न उघडलेली काही दारे यांचा त्यात वाटा होता. मात्र एक कारण प्रवाहाच्या स्वरूपातच दडलेले आहे. सर्वाधिक विसर्गाचा आकडा हा एका क्षणाचा आकडा असतो. २०१९ मध्ये तो मोठा विसर्ग अल्पकाळच टिकला. २०२३ मध्ये मोठा विसर्ग दीर्घकाळ चालू राहिला. हथिनीकुंडापासून दिल्लीपर्यंतच्या दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या प्रवासात पुराची लाट पसरते, काठच्या मैदानात शिरते आणि तिचा माथा खाली येतो. लाट अल्पकालीन असेल तर ती वाटेतच बसते. दीर्घकालीन असेल तर मैदाने भरून गेल्यावर मागून येणारे पाणी तसेच पुढे सरकते. काळानुसार बदलणाऱ्या प्रवाहाचे वर्णन एकाच आकड्याने केले, तर तो आकडा दिशाभूल करतो.

यमुनेच्या पुराला लागू असलेले हे तत्त्व शेतचारी, विहीर, सरी आणि ठिबकची तोटी यांनाही तितकेच लागू आहे. कृषी विस्तार कार्यकर्ते आणि प्रयोगशील शेतकरी पाण्याच्या मोजमापासाठी जी सूत्रे आणि कोष्टके वापरतात, त्यांतील प्रत्येकाच्या मुळाशी प्रवाहाविषयी एक गृहीतक असते. ते गृहीतक शेतात खरे नसेल तर सूत्र अचूक असूनही उत्तर चुकते, आणि त्या चुकीची किंमत बहुधा चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याला मोजावी लागते. म्हणून प्रवाह कोणत्या वर्गात मोडतो हे ओळखण्याची रीत प्रस्तुत लेखात मांडली आहे.

पहिला प्रश्न : प्रवाह काळानुसार बदलतो काय?

प्रवाहातील एका ठरावीक ठिकाणी उभे राहून पाहावे. त्या ठिकाणचा वेग, खोली आणि दाब काळानुसार बदलत नसतील, तर तो स्थिर प्रवाह होय. यांपैकी एखादी राशी बदलत असेल, तर तो अस्थिर प्रवाह होय. अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांत यांनाच अनुक्रमे स्टेडी आणि अनस्टेडी फ्लो म्हणतात.

येथे दोन गैरसमज टाळावेत. पहिला असा की स्थिर म्हणजे संथ. तसे नाही. धबधब्याप्रमाणे कोसळणारे पाणीही सरासरीने दिवसभर तेवढेच पडत असेल तर त्या प्रवाहास स्थिर म्हणता येते. उलट, हौदाच्या तळाच्या छिद्रातून हळूहळू गळणारे पाणी हौदातील पातळी उतरते तसे कमी होत जाते, म्हणून तो प्रवाह संथ असूनही अस्थिर असतो. पाण्यातील भोवरे आणि खळबळ यांमुळे क्षणाक्षणाला होणारे बारीक चढउतार व्यवहारात सोडून दिले जातात. काही मिनिटांची सरासरी बदलते की नाही, हे पाहिले जाते.

दुसरा गैरसमज स्थिर आणि एकसमान या दोन शब्दांविषयी आहे. स्थिरता काळाशी संबंधित आहे, एकसमानता स्थळाशी. चारीच्या सुरुवातीस पाणी ३० सेंटिमीटर खोल आणि पुढे उतार बदलल्यावर २० सेंटिमीटर खोल असेल, पण दोन्ही ठिकाणची खोली तासन्‌तास तीच राहत असेल, तर तो प्रवाह स्थिर आहे. मात्र एकसमान नाही. चारीची रुंदी, उतार आणि खोली सर्वत्र सारखी असून प्रवाहही काळानुसार बदलत नसेल, तेव्हाच तो स्थिर आणि एकसमान ठरतो. १८८९ मध्ये रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याने मांडलेले, आणि आजही चारीची रचना करताना वापरले जाणारे सूत्र याच प्रकारच्या प्रवाहासाठी आहे. पाणी नुकतेच सोडलेल्या चारीस ते लावू नये.

दुसरा प्रश्न : प्रवाह किती मितींचा?

प्रत्येक प्रवाह प्रत्यक्षात लांबी, रुंदी आणि खोली या तिन्ही दिशांनी बदलतो. तथापि हिशेबासाठी कोणत्या दिशांनी होणारा बदल महत्त्वाचा आहे आणि कोणत्या दिशांचा सोडून देता येतो, यावरून त्यास एकमितीय, द्विमितीय किंवा त्रिमितीय म्हणतात. पाणी कोणत्या दिशेने वाहते एवढ्यावरून मिती ठरत नाही. वेग, खोली, दाब किंवा ओलावा यांचे वर्णन करण्यासाठी स्थळाची किती मापे सांगावी लागतात, त्यावरून ती ठरते.

पाइपमधील पाण्याचा वेग मध्यभागी अधिक आणि भिंतीलगत शून्य असतो. तरीही आपण संपूर्ण छेदाचा एक सरासरी वेग धरतो आणि तो फक्त लांबीनुसार बदलतो असे मानतो. ही एकमितीय मांडणी बहुतेक कामांना पुरते. कालव्यातही आपण हेच करतो, परंतु तेथे सरासरी कशी काढली याकडे लक्ष ठेवावे लागते. चारीत लाकडाचा तुकडा किंवा लिंबू सोडून वेग मोजण्याची पद्धत सर्वांना परिचित आहे. तो तरंगता पदार्थ पृष्ठभागावरील वेग दाखवतो. तळाशी आणि काठाशी पाणी त्याहून मंद असते. म्हणून पृष्ठभागावरील वेगास सामान्यतः ०.८५ ने गुणून सरासरी वेग काढतात. चारीच्या छेदाचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर आणि तरंगत्या पदार्थाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर दुरुस्तीशिवाय विसर्ग सेकंदाला २५० लिटर येतो. दुरुस्तीनंतर तो सुमारे २१३ लिटर येतो. हा ३७ लिटरचा फरक म्हणजे खोलीनुसार होणारा वेगातील बदल विसरल्याची चूक होय.

नदीचे वळण, धरणाचा सांडवा किंवा पुलाच्या खांबांभोवतीचे भोवरे यांसारख्या ठिकाणी कोणतीही दिशा सोडून देता येत नाही. अशा त्रिमितीय प्रवाहांसाठी प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करून त्यांत प्रत्यक्ष पाणी सोडून अभ्यास केला जातो. पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र हे १९१६ पासूनचे त्याचे मोठे ठिकाण आहे. शेतावरील बहुतेक प्रश्न सुदैवाने एका किंवा दोन मितींत बसवता येतात. मात्र कोणती मिती सोडली याची जाणीव असावी लागते.

चारी भरण्याचा वेळ कोणाच्या खात्यावर?

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील सोनीपत, रोहतक, झज्जर या हरियाणातील जिल्ह्यांत पश्चिम यमुना कालव्याचे पाणी वाराबंदी पद्धतीने वाटले जाते. आठवड्याच्या १६८ तासांची वाटणी मोघ्याखालील शेतकऱ्यांत त्यांच्या जमिनीच्या प्रमाणात होते. ही वाटणी सरळ क्षेत्राच्या प्रमाणात केली तर अन्याय होईल, हे तेथील व्यवस्थेने फार पूर्वीच ओळखले. पाळी एका शेतकऱ्याकडून पुढच्याकडे गेली की पाण्याला मधली कोरडी चारी आधी भरावी लागते. या वेळेला तेथे भराई म्हणतात आणि ती त्या शेतकऱ्याच्या पाळीत जादा मिळते. आठवड्याच्या शेवटी मोघ्यापाशी पाणी वळवले तरी चारीत साठलेले पाणी शेवटच्या शेताकडे वाहत राहते. या वेळेला झराई म्हणतात आणि ती शेवटच्या शेतकऱ्याच्या पाळीतून वजा होते. १६८ तासांतून एकूण भराई वजा करून त्यांत एकूण झराई मिळवतात. आलेला काळ एकूण क्षेत्राने भागून दर एकरी वेळ ठरवतात. मग प्रत्येकाच्या वाट्यात त्याची भराई मिळवतात आणि झराई वजा करतात.

भराई आणि झराई म्हणजे अस्थिर प्रवाहाचाच हिशेब होय. चारी भरत असताना तिच्यातील प्रत्येक ठिकाणची खोली वाढत असते. जेवढे पाणी वरून येते तेवढे खाली पोहोचत नाही, कारण काही पाणी चारीतच साठत असते. चारी पूर्ण भरली की प्रवाह स्थिर होतो आणि मगच वरच्या टोकाचे मोजमाप खालच्या टोकाला लागू पडते. तेही पाझर वजा करून.

या साठवणीचे प्रमाण किती असू शकते, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, मातीची चारी एक किलोमीटर लांब आहे. पाण्याची रुंदी ६० सेंटिमीटर आणि खोली ३० सेंटिमीटर आहे. छेदाचे क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर, म्हणून चारीत १८० घनमीटर पाणी मावते. विसर्ग सेकंदाला ३० लिटर, म्हणजे तासाला १०८ घनमीटर असेल, तर पाझर शून्य धरूनही चारी भरण्यास १ तास ४० मिनिटे लागतात. शेवटच्या शेतकऱ्यास पाच तासांची पाळी मिळाली आणि त्याला ही चारी कोरड्यापासून भरावी लागली, तर त्याच्या पाळीचा एकतृतीयांश भाग शेतात थेंबही न पडता संपतो. कोरड्या मातीत सुरुवातीचा पाझर अधिक असल्याने प्रत्यक्ष तोटा याहून मोठा असतो.

महाराष्ट्रात शेजपाळीच्या वाटपात टेलपासून हेडकडे पाणी देण्याचा दंडक याच दृष्टीने उपयुक्त आहे. संपूर्ण चारी एकदाच, सुरुवातीला भरते. त्यानंतर पाळी वर सरकत जाते. मात्र पहिल्या भरणीचा वेळ टेलच्या शेतकऱ्याच्या नावे लिहिला जाऊ नये, तो सर्वांनी वाटून घ्यावा. पाणीवापर संस्थांनी आपल्या पाळीपत्रकात चारी भरण्याचा वेळ स्वतंत्र रकान्यात दाखवावा. पाळी सुरू होण्याची वेळ मोघ्यापाशी पाणी सोडल्याची धरावी की शेताच्या तोंडाशी पाणी पोहोचल्याची, याचा निर्णय लेखी असावा. चारीवरील भांडणे अनेकदा या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

उंचीची सरासरी आणि विसर्गाची सरासरी

महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद आहे. त्यामुळे मोजमापाची चूक थेट पाणीपट्टीत आणि पाणीकोट्यात उतरते. लहान विसर्गासाठी ९० अंशांचा व्ही-नॉच हे सोपे साधन आहे. खाचेच्या टोकापासून वरच्या बाजूच्या पाण्याची उंची मीटरमध्ये मोजावी. त्या उंचीच्या २.५ व्या घातास १.३८ ने गुणले की विसर्ग सेकंदाला घनमीटरमध्ये मिळतो. उंची १० सेंटिमीटर असता विसर्ग सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, १५ सेंटिमीटर असता १२ लिटर आणि २० सेंटिमीटर असता २४.७ लिटर येतो.

हे सूत्र स्थिर प्रवाहासाठी आहे. दिवसभरात पातळी बदलत असेल तर काय करावे? समजा, अर्धा वेळ उंची १० सेंटिमीटर आणि अर्धा वेळ २० सेंटिमीटर होती. उंचीची सरासरी १५ सेंटिमीटर धरून काढलेला विसर्ग १२ लिटर येतो. परंतु दोन्ही वेळांचे विसर्ग वेगवेगळे काढून त्यांची सरासरी घेतली तर ती १४.५ लिटरच्या आसपास येते. पहिल्या रीतीने हिशेबातून सुमारे १७ टक्के पाणी नाहीसे होते. म्हणून नियम असा : बदलत्या प्रवाहात उंचीची सरासरी काढू नये, प्रत्येक नोंदीचे विसर्गात रूपांतर करावे आणि मग विसर्गाची सरासरी काढावी. पातळी हळू बदलत असेल तर तासाला एक नोंद पुरते. दार उघडल्यावर किंवा बंद केल्यावर पहिल्या तासात दहा-पंधरा मिनिटांनी नोंद घ्यावी.

जमिनीत शिरणारे पाणी

जमिनीत पाणी मुरण्याचा वेग हा अस्थिर प्रवाहाचे उत्तम उदाहरण आहे. कोरडी माती सुरुवातीस पाणी वेगाने शोषते. ओलावा खोल जाईल तसा वेग घटत जातो आणि शेवटी जवळजवळ कायम राहतो. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे मृदाभौतिकशास्त्रज्ञ जॉन फिलिप यांनी याचे जे समीकरण दिले, त्यात एकूण मुरलेले पाणी दोन भागांत मांडले आहे : एक भाग काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे कोरड्या मातीच्या ओढीचा, दुसरा काळाच्या सरळ प्रमाणात, म्हणजे प्रामुख्याने गुरुत्वाकर्षणाचा. पहिला भाग हळूहळू गौण ठरतो आणि दुसरा उरतो.

मुरण्याचा वेग मोजण्यासाठी दोन कड्यांचे उपकरण वापरतात. आतील कडे साधारणपणे ३० सेंटिमीटर आणि बाहेरील ६० सेंटिमीटर व्यासाचे असते. मोजमाप फक्त आतील कड्यात होते. मग बाहेरचे कडे कशासाठी, असा प्रश्न प्रशिक्षणात नेहमी विचारला जातो. एकच कडे असेल तर त्याखालचे पाणी सरळ खाली न जाता बाजूच्या कोरड्या मातीतही पसरते. तो प्रवाह त्रिमितीय होतो आणि वेग प्रत्यक्षापेक्षा अधिक भरतो. बाहेरच्या कड्यातील पाणी बाजूची माती भिजवून ठेवते, त्यामुळे आतील कड्याखालचा प्रवाह बव्हंशी सरळ उभा, म्हणजे एकमितीय राहतो. आणि वाचने एकसारखी येईपर्यंत प्रयोग चालू ठेवतात, कारण आपल्याला हवा असलेला मूलभूत वेग स्थिर अवस्थेतील असतो. पहिल्या पंधरा मिनिटांच्या वाचनावरून सारा बेत ठरवला, तर जमीन प्रत्यक्षाहून अधिक पाणी घेते असे वाटते. बाहेरचे कडे वगळणे आणि प्रयोग घाईने संपवणे या चुका अशा आहेत की दोन्ही उत्तर एकाच दिशेने फुगवतात.

सिंचनाच्या तीन प्रमुख पद्धतींत हीच मितींची पायरी दिसते. सपाट वाफ्यात पाणी सर्वत्र साचते आणि खाली मुरते. ओलावा मुख्यतः खोलीनुसारच बदलतो, म्हणून मुरण्याची क्रिया एकमितीय. सरीत पाणी खाली आणि दोन्ही बाजूंच्या वरंब्यांत शिरते, म्हणून ती द्विमितीय. ठिबकच्या एका तोटीखाली पाणी सर्व दिशांना पसरून कांद्याच्या आकाराचा ओला गोळा तयार होतो, म्हणून ती त्रिमितीय. एकाच नळीवरील तोट्या इतक्या जवळ असतील की त्यांचे ओले गोळे एकमेकांत मिसळतात, तर सलग ओला पट्टा तयार होतो आणि तोच प्रवाह पुन्हा द्विमितीय होतो.

या भेदाचा हिशेबावर होणारा परिणाम फळबागेत विशेष जाणवतो. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर, हे समीकरण सपाट वाफ्यात सरळ लागू पडते. पाच बाय पाच मीटर अंतरावरील झाडास दिवसाला ६० लिटर पाणी दिले, तर २५ चौरस मीटर क्षेत्रावर ते २.४ मिलिमीटर भरते. परंतु ठिबकने त्यापैकी ३० टक्के, म्हणजे साडेसात चौरस मीटरच भिजत असेल, तर तेथे ते ८ मिलिमीटर असते. क्षेत्रभराची सरासरी पाहून पाणी कमी पडते असे समजून वेळ वाढवला, तर जादा पाणी आणि त्याबरोबर दिलेले खत मुळांच्या खाली जाते.

ओल्या गोळ्याचा आकार मातीवर अवलंबून असतो. दिल्ली परिसरातील यमुनेच्या गाळाच्या रेताड पोयट्यात गोळा अरुंद आणि खोल होतो. महाराष्ट्रातील काळ्या चिकण मातीत तो रुंद आणि उथळ होतो. म्हणून एका प्रदेशातील तोट्यांचे अंतर दुसऱ्या प्रदेशात जसेच्या तसे उचलू नये. एक तोटी नेहमीच्या पाळीइतका वेळ चालवावी, दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी चर खणावा आणि ३० सेंटिमीटर खोलीवरील ओल्या भागाची रुंदी टेपने मोजावी. तासाभराचे हे काम कोणत्याही कोष्टकाहून विश्वासार्ह उत्तर देते.

सरीत आणखी एक बाब आहे. पाणी सरीच्या टोकाशी पोहोचेपर्यंतचा काळ पूर्णतः अस्थिर असतो. तोंडापाशी पाणी लवकर मुरू लागते, टोकाशी उशिरा. म्हणून तोंडापाशी अतिरिक्त आणि टोकाशी अपुरे पाणी मिळते. मुरण्यासाठी चार तास लागणार असतील तर पाणी पहिल्या तासातच टोकाशी पोहोचावे, असा एकचतुर्थांशाचा ठोकताळा त्यासाठी सांगितला जातो. सुरुवातीस मातीची धूप होणार नाही एवढा मोठा प्रवाह सोडून पाणी लवकर टोकाशी न्यावे आणि मग प्रवाह कमी करावा.

विहिरीचे पाणी आणि पंपाचे पाणी

दख्खनच्या पाषाणातील मोठ्या व्यासाच्या विहिरींबाबत प्रवाहाची ओळख चुकली तर नुकसान सर्वांत मोठे होते, कारण तिच्या भरवशावर कर्ज काढून फळबाग लावली जाते. पंप सुरू केल्यावर पहिल्या काही तासांत बाहेर येणारे पाणी प्रामुख्याने विहिरीत आधीच साठलेले असते. झऱ्यांची आवक किती, हे पंपाच्या धारेवरून कळत नाही.

समजा, विहिरीचा व्यास ६ मीटर आहे. तिचे क्षेत्रफळ २८.३ चौरस मीटर, म्हणजे एक मीटर खोलीत २८.३ घनमीटर पाणी असते. पंप सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८ घनमीटर पाणी उपसतो. आवक शून्य असती तर पातळी तासाला ६४ सेंटिमीटरने उतरली असती. प्रत्यक्षात ती ४० सेंटिमीटरने उतरते. याचा अर्थ विहिरीच्या साठ्यातून तासाला ११.३ घनमीटर पाणी जाते आणि झऱ्यांची आवक उरलेली ६.७ घनमीटर आहे. पंपाची धार १८ ची असली तरी विहीर ६.७ चीच आहे. तीन मीटर पाणी असेल तर या वेगाने सुमारे साडेसात तासांत विहीर रिकामी होईल. ते तीन मीटर पुन्हा भरण्यास, आवक कायम राहिली असे मानले तरी, साडेबारा तासांहून अधिक वेळ लागेल. प्रत्यक्षात पातळी वर येईल तशी आवक मंदावते, म्हणून हा काळ बराच लांबतो. विहीर रोज भरते असे गृहीत धरून आखलेली बाग मार्च-एप्रिलमध्ये अडचणीत येते ती यामुळे.

भूजलशास्त्रातही हा भेद आहे. जर्मन अभियंता थीम यांचे १९०६ चे सूत्र पातळी स्थिरावल्यावर लागू होते. अमेरिकी शास्त्रज्ञ थीस यांनी १९३५ मध्ये काळानुसार उतरत जाणाऱ्या पातळीचे सूत्र दिले. दोघांनीही विहिरीकडे चहूबाजूंनी येणारे पाणी केवळ विहिरीपासूनच्या अंतरानुसार बदलते असे मानले. त्यामुळे नकाशावर सर्व दिशांनी येणारा प्रवाह हिशेबात एकमितीय झाला. परंतु ही दोन्ही सूत्रे अरुंद विहिरींसाठी आहेत. विहिरीतील साठा आणि पाषाणातील भेगांची विषम वाट यांचा विचार त्यांत नाही. खोदलेल्या विहिरीसाठी साधी रीत अधिक उपयोगी पडते : पंप बंद केल्यावर पातळी दर अर्ध्या तासाला मोजावी, वाढलेल्या उंचीस विहिरीच्या क्षेत्रफळाने गुणावे. ही नोंद पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा घ्यावी. बागेचा बेत उन्हाळ्यातील आकड्यावर आखावा.

पाइपलाइनमधील क्षणिक दाब

पाइपलाइनची निवड स्थिर प्रवाहाच्या हिशेबाने होते. ती फुटते मात्र अस्थिर क्षणी. पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहत असता झडप एकदम बंद केली, तर दाबाची लाट उठते. पीव्हीसी पाइपमध्ये या लाटेचा वेग सेकंदाला ३५० मीटरच्या सुमारास धरला, तर दाब सुमारे ५३ मीटर पाण्याच्या उंचीइतका, म्हणजे पाच किलोहून अधिक वाढतो. आधीचा दाब दोन किलो असेल तर एकूण सात किलोहून अधिक होतो. चार किलोचा पाइप येथे टिकत नाही. ७०० मीटर लांबीच्या पाइपात ही लाट टोकापर्यंत जाऊन परत येण्यास चार सेकंद लागतात. झडप त्याहून लवकर बंद केली तर पूर्ण धक्का बसतो; सावकाश, याच्या अनेक पट वेळ घेऊन बंद केली तर तो खूपच कमी होतो. म्हणून झडप हळू फिरवावी, दुसऱ्या भागाची झडप आधी उघडून मगच पहिल्याची बंद करावी आणि उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह बसवावा. वीज गेल्यावर पंप अचानक थांबतो, तेव्हाही हाच धक्का बसतो. तेथे माणसाचा हात चालत नाही, म्हणून पाइपचा दाबवर्ग निवडताना तो जमेस धरावा.

शिवारभेटीसाठी चार प्रश्न

विस्तार कार्यकर्त्यांनी कोणतेही मोजमाप करण्यापूर्वी पुढील प्रश्न स्वतःस आणि शेतकऱ्यास विचारावेत.

१. पाणी सोडून, उपसून किंवा मुरू लागून किती वेळ झाला? दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेली दोन वाचने सारखी येतात काय? येत नसतील तर प्रवाह अस्थिर आहे. एका वाचनावर विसंबू नये.

२. पाणी कोठे साठत आहे? चारी, विहीर किंवा मातीत साठवण चालू असेल तर आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी सारखे नसते.

३. आपण कोणती दिशा सोडून देत आहोत? पृष्ठभागावरील वेग, एका कड्याचे वाचन किंवा ठिबकखालील मिलिमीटरचा हिशेब यांत दुरुस्तीची गरज आहे काय?

४. हाती असलेले सूत्र कोणत्या प्रवाहासाठी दिलेले आहे? ते स्थिर प्रवाहाचे असेल, तर प्रवाह स्थिर होईपर्यंत थांबावे, किंवा लहान लहान कालखंडांत नोंदी घेऊन त्यांची बेरीज करावी.

आज संगणकीय प्रतिमानांच्या साहाय्याने अस्थिर आणि बहुमितीय प्रवाहांची समीकरणे सोडवता येतात. तरीही प्रतिमानास कोणता प्रवाह सांगावा, हे शेतात उभ्या असलेल्या व्यक्तीनेच ठरवायचे असते. वाराबंदीतील भराई आणि झराई लिहून ठेवणाऱ्यांजवळ अशी कोणतीही साधने नव्हती. चारी भरण्यास वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्या तरी पाळीतून जातो, हे मात्र त्यांनी पाहिले होते. येत्या रब्बीच्या पहिल्या पाळीला आपल्या चारीच्या टेलवर उभे राहून, पाणी सोडल्याची आणि पोहोचल्याची वेळ वहीत नोंदवावी. त्या दोन वेळांमधील अंतर पाळीपत्रकात लिहिले गेले, तर शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याचे पाणी त्याच्या शेतापर्यंत पोहोचण्याची शक्यता निश्चितच वाढेल.